सर, आप्पांना विचारा

आप्पा, तुमच्याशी थेट बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे, त्यामुळे जरा अडखळेन. नऊ वर्षं तुमची सून म्हणून या घरात वावरले. त्यातली शेवटची दोन वर्षं तुम्ही आणि मी नंदुरबारच्या कॉलेजात एकाच वर्गात बसून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकलो. आणि एवढ्या काळात तुमच्याकडे तोंड करून मी एक वाक्य बोलले नाही. आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर कपाळापर्यंत ओढते आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून सांगते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे जे कोणी वाचतील त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तेराव्यानंतर देसले सरांचा फोन आला. म्हणाले, "वैशाली, तुमचा प्रकल्प दोघांच्या नावावर आहे. शेवटच्या प्रकरणात तुमचा निष्कर्ष एक आणि आप्पांचा बरोबर उलटा. आता तोंडी परीक्षेला तुम्ही एकट्याच. त्यांची बाजू तुम्हाला मांडता येणार नसेल तर तो भाग काढून टाका. नियमात बसतं. कोणी काही म्हणणार नाही."

कोणी काही म्हणणार नाही, हे खरंच होतं. तेच मला खुपलं. ती पानं ठेवायची की काढायची, यावर मी आठवडाभर घरात कोणाशी नीट बोलले नाही. बाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोनदा विचारलं, "काय व्हयनं तुले?" मी म्हटलं, काही नाही. शेवटी मी काय केलं ते सांगायलाच आज बसले आहे. पण त्याआधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. आजवर आपण भांडलो ते सगळं दुसऱ्याच्या अंगणात.

मला पुढे शिकायचं होतं तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. लग्नाआधी माझं बी.ए. झालेलं, अर्थशास्त्र घेऊन. एम.ए.चा विषय निघाला की बाई म्हणायच्या, "रोज एकली एसटीमा जाशी? लोके काय म्हनतीन?" योगेश, तुमचा मुलगा आणि माझा नवरा, शहाद्याचं बियाण्याचं दुकान आणि इथली शेती यांच्यात अडकलेला, तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. त्याच वर्षी नंदुरबारच्या कॉलेजात नवा अभ्यासक्रम आला. विषय आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, पण सोबत इतिहास, भूगोल, कायदा, भाषा, सगळं मिसळून. कोणत्याही विषयाचा पदवीधर चालेल, वयाची अट नाही. ती जाहिरात तुम्ही ओट्यावर बसून मोठ्याने वाचलीत, मला स्वयंपाकघरात ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. मग म्हणालात, "मी बी जासू तिन्हासंगे."

बाईंना वाटलं, पोहोचवायला जाणार. तुम्ही चक्क प्रवेशच घेतलात. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, पाठीला दप्तर आणि खिशाला दोन पेनं. आपल्या प्रकाशा गावात आठ-दहा दिवस दुसरा विषय नव्हता. "मास्तर आते कॉलेज करी ऱ्हायना," असं म्हणून लोक हसायचे आणि तुम्हीही त्यांच्यात हसायचात.

मला मात्र हसू आलं नाही. मी चिडले होते. मला वाटलं, माझ्यावर पहारा बसवला. माहेरी धानोऱ्याला फोन करून आईजवळ रडलेसुद्धा. म्हटलं, कॉलेजात जाऊनही डोक्यावर पदर आणि समोर सासरा, मग घरात काय वाईट होतं? आई म्हणाली, "जाऊ दी ऱ्हायनात ना? मंग जाय." एवढंच. तिला माझ्या रडण्याचं फार कौतुक कधीच नव्हतं.

एसटीत तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आणि मी मागे बायकांत. तिकीट काढताना तुम्ही मागे न बघता अंगठा खांद्यावरून माझ्या दिशेला करायचात. तुम्ही ज्येष्ठ नागरिक, मी बाई, दोघांचंही अर्धं तिकीट. तो जाडसर कंडक्टर म्हणायचा, दोन अर्धी मिळून एक पूर्ण विद्यार्थी होतो. हा विनोद त्याने दोन वर्षं रोज केला आणि तुम्ही दोन वर्षं रोज त्याला हसलात. मला तेव्हा त्याचाही राग यायचा.

वर्गात तुम्ही पहिल्याच दिवशी पहिला बाक धरलात. सरांना सांगितलंत, "माले जरा कमी ऐकू येस." मी शेवटच्या बाकावर गेले. तुमची पाठ माझ्याकडे असल्यामुळे मला पदर खाली सोडून मोकळं बसता यायचं. मला वाटलं, नशीब. पहिल्या सहामाहीच्या शेवटी मी शेजारच्या मुलीच्या कानात सरांच्या शर्टाबद्दल काहीतरी बोलले, अगदी हळू, आणि पहिल्या बाकावर तुमचे खांदे हलायला लागले. तेव्हा कळलं की तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. पहिल्या बाकाचं कारण वेगळंच होतं. ते कळूनही मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. कोणामार्फत म्हणणार होते?

देसले सर तेव्हा नवे होते, धुळ्याहून आलेले, वयाने माझ्यापेक्षा थोडे लहानच. त्यांनी दोन देशांचं ते नेहमीचं उदाहरण फळ्यावर मांडलं. एक देश कापड स्वस्तात करतो, दुसरा धान्य. दोघांनी आपापलं करावं आणि अदलाबदल करावी, म्हणजे दोघांचाही फायदा. तुम्ही हात वर केलात आणि विचारलंत, "सर, हाई गणितमा नदी कोठे शे?" सगळा वर्ग हसला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की तापीला पूर आला की पूल बंद होतो, मग धान्य एका काठावर आणि कापड दुसऱ्या काठावर; तेव्हा फायदा कोणाचा? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आप्पांना विचारा, वाहतुकीचा खर्च धरला तरी शेवटी उत्तर बदलतं का?"

सर म्हणाले, "आप्पा इथेच आहेत की. तुम्हीच विचारा."

माझ्या शेजारच्या मुलीने सांगितलं, "सर, त्या त्यांच्या सूनबाई आहेत." सर कानापर्यंत लाल झाले. नंदुरबारला नवीन असले तरी खानदेशातले होते, लगेच समजले. तेव्हापासून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. म्हणायचे, "ज्या देशांचे आपसात संबंध नसतात ते तिसऱ्या देशामार्फत बोलणी करतात. मी तो तिसरा देश. बोला, वैशालीताई, काय निरोप आहे?" मग मी म्हणायचे, सर, आप्पांना सांगा त्यांचा मुद्दा भूगोलाचा आहे, अर्थशास्त्राचा नाही. तुम्ही म्हणायचात, सर, तिले सांगा, जमीनशिवाय पैसा हवामा उगस का? आणि बिचारे सर टेनिस बघणाऱ्या माणसासारखे मागे-पुढे मान वळवत राहायचे.

त्या दिवसांत मला किती मजा येत होती ते तुम्हाला ठाऊक नाही. घरी मी भिंतीला बोलायचे. घरात दुसरं कोणी नसलं की दाराकडे बघून म्हणायचे, चहा झालाय म्हणावं. आणि तुम्ही ओट्यावरून म्हशीला सांगायचात, "साखर जास्त व्हयनी." एवढंच आपलं बोलणं. पण वर्गात मी तुमची चूक काढायचे, तुम्हाला अडवायचे, एकदा तर "आप्पांना सांगा, हे भाबडेपण आहे" असंसुद्धा म्हटलं. सुनेने सासऱ्याला भाबडा म्हणायचं! तुम्ही मागे वळला नाहीत, पण तुमची मान डुलली. संध्याकाळी घरी बाईंना म्हणालात, "आज तुन्ही सुननी माले पार झोपाडी दिधं." आणि ते सांगताना तुमचा आवाज असा होता की बाईंना वाटलं, तुम्हाला बक्षीस मिळालं.

मग आला प्रकल्प. दोघादोघांनी करायचा होता. बाकीच्यांनी आपापल्या जोड्या लावल्या, तुम्ही आणि मी उरलो. विषय तुम्ही सरांना सुचवलात: नंदुरबारची लाल मिरची आणि परदेश. भाव, निर्यात, बाहेरच्या देशांचे नियम माझ्याकडे. जमीन, पाणी, बियाणं आणि मिरचीवर जगणारी माणसं तुमच्याकडे.

रफिकभाईंच्या पथारीवर गेलो तो दिवस मी विसरणार नाही. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. त्या दिवसांत गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे जमीन लाल, आणि उतरल्यापासून तुम्हाला शिंका. रफिकभाईंच्या तीन पिढ्या याच धंद्यात. त्यांनी खाटा टाकल्या, चहा मागवला. तुम्ही त्यांना विचारायचात, मी पुढचा प्रश्न त्यांनाच विचारायचे, आणि मध्येच आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, "रफिकभाई, आप्पांना सांगा, बाहेर ज्या जातीला मागणी आहे तीच लावायला नको का?" तुम्ही म्हणालात, "रफिकभाई, तिले सांगा, त्यासले आपला रंग पाहिजे. मंग आपलं तिखट कोठे ठेवानं?" रफिकभाईंनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि बशी खाली ठेवली.

"आप्पा, तुम्ही दोन्ही एकच घरना. मंग माले काबरं दलाल करी ऱ्हायनात? भाभी, सामने तो बैठे हैं, बोलो ना."

तुम्ही खळखळून हसलात. मी पदर पुढे ओढला आणि मिरच्यांकडे बघत राहिले.

परत येताना नंदुरबारच्या स्टँडवर तुम्ही उसाचा रस घेतलात. दोन ग्लास. रसवाल्याकडे बघत म्हणालात, "आते आपन शिकेल मानसे. सरळ बोलाले हरकत नहीं." रसवाला गोंधळून तुमच्याकडे बघायला लागला. मला ते वाक्य कोणासाठी आहे ते चांगलं कळलं होतं. मी रसवाल्याला म्हटलं, "भाऊ, बर्फ कमी टाका." झालं. तुम्ही ग्लास रिकामा केलात आणि बसकडे चालायला लागलात.

पुढे महिन्याभराने तुम्ही योगेशजवळ निरोप दिलात. तो मला म्हणाला, "आप्पा म्हणतात, ती माझ्याशी बोलली तर मला चालेल, आणि तुझ्या आईला मी समजावेन." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नको, बाईंना वाईट वाटेल. त्यांच्या सासऱ्यांनी तर त्यांचं नाव पण कधी घेतलं नाही." बाईंचं नाव मी पुढे केलं, पण बाईंना वाईट वाटण्याशी माझा काही संबंध नव्हता. बाईंना मी इतर हजार गोष्टींत वाईट वाटू देत होतेच.

खरं कारण आज सांगते. सरांमार्फत मी तुमच्या बरोबरीची होते. मध्ये माणूस असला की माझी जीभ चालायची. तुमच्याशी थेट बोलायचं म्हटलं तर मी मुलगी झाले असते, सून झाले असते, "हो आप्पा", "बरं आप्पा" करत बसले असते. वाद गेला असता. मला ती रीत जाचक वाटते असं मी मैत्रिणींना सांगायचे, आणि आतून तिला दोन्ही हातांनी धरून बसले होते. तुम्ही ती सोडायला तयार होतात. तुमच्या वयाला, तुमच्या गावात, तुम्ही एक पाऊल पुढे आलात, आणि मी, जी स्वतःला फार पुढारलेली समजत होते, तिने तुम्हाला रसवाल्याकडे बघायला लावलं.

आणि मग तो दिवस.

त्या दिवशी वर्गात आपलं शेवटच्या प्रकरणावरून जोरात जुंपलं होतं. तुम्ही लिहिलं होतं की परदेशी मागणीसाठी सगळं शेत बदललं तर घरचं बियाणं जाईल, घरची चव जाईल आणि पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांचं काम यंत्र घेईल; म्हणून निर्यात असावी, पण घर राखून. मी लिहिलं होतं की ज्याला भाव आहे ते पिकवा आणि हात मोकळे करा. खायची मिरची विकतही घेता येते. सर म्हणाले, दोन्ही ठेवू, परीक्षकांना आवडेल. तुम्ही म्हणालात, "नहीं सर. तिले पटाले पाहिजे. नहीं ते माले पटाले पाहिजे." तुम्हाला दोन निष्कर्ष नको होते. तुम्हाला उत्तर हवं होतं.

परतीच्या बसमध्ये ऊन रणरणत होतं. मी तुमच्या मागे तिसऱ्या रांगेत. तुम्ही सारखा मान-गळा पुसत होतात. मग डावा हात दाबायला लागलात, मग कपाळ समोरच्या दांडीवर टेकवलंत. मला ते दिसत होतं. मध्ये फक्त दोन सीटा आणि एक भाजीची टोपली. मी उठून, दोन पावलं पुढे येऊन, "आप्पा, काय होतंय?" असं विचारू शकत होते.

मी काय केलं? मी पर्समधून फोन काढला आणि शहाद्याला योगेशला लावला. म्हटलं, आप्पांना बरं वाटत नाहीये असं दिसतंय, जरा विचारा त्यांना. मग तुमच्या खिशातला फोन वाजला. तुम्ही ताठ बसलात, घसा साफ केलात आणि म्हणालात, "काही नहीं रे, ऊन लागनं." ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तुमचा आवाज कसा आला तेही ऐकलं. तरी योगेशचा उलट फोन येईपर्यंत मी थांबले. तो म्हणाला, "ठीक आहेत म्हणतात, ऊन लागलंय." मी म्हटलं, बरं. आणि खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण उत्तर आलं होतं.

आप्पा, ही गोष्ट मी कोणालाही सांगितली तर त्यांना ती खोटी वाटेल. तीन रांगा मागे बसलेली बाई समोरच्या माणसाची तब्येत शहाद्याहून विचारते. फक्त आपल्याकडच्या बायकांना ती खरी वाटेल. परवा बाईंना सांगितली तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील, चार शब्द बोलतील, मला ते हवं होतं. पण त्यांनाही त्या बसमध्ये काही वेगळं सुचलं नसतं, हे त्यांच्या "हं"मध्ये मला ऐकू आलं आणि त्याने मला जास्तच कोंडल्यासारखं झालं.

घरी पोहोचल्यावर तुम्ही पायरीवरच बसलात. पुढचं सगळं घाईचं: गाडी, शहादा, तिथून धुळे. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणलं असतं तर बरं झालं असतं. योगेशने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तसा चांगला आहे. त्याने फोन केला होता, मी फोन केला होता, तुम्ही फोन उचलला होता. तिघांनी आपापलं काम नीट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. तुमच्या नाकाला नळी, हाताला सुई. तुम्ही योगेशला ओळखलंत, मग तुमची नजर माझ्यावर आली. सवयीने माझा हात पदराकडे गेला. आणि तुम्ही, मधल्या कोणालाही न सांगता, सरळ माझ्याकडे बघून म्हणालात,

"सुनबाई, पटनं का तुले?"

नऊ वर्षांत तुम्ही मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य. एवढ्या नळ्यांतून, एवढ्या धापेतून तुम्ही ते वाक्य काढलंत. आणि मी योगेशकडे वळले. म्हटलं, "त्यांना सांगा, आधी बरे व्हा, मग बघू."

योगेश वाकला आणि तुमच्या कानाशी म्हणाला, "आप्पा, ती म्हनस, पयले बरा व्हा, मंग देखू."

तुम्हाला ते आधीच ऐकू आलं होतं. तुमच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तुम्ही डोळे मिटलेत आणि योगेशलाच म्हणालात, "सांग तिले, बरं." म्हणजे तुम्ही परत गेलात. मी जिथे उभी होते तिथे मला सोयीचं व्हावं म्हणून तुम्ही पुन्हा रीतीच्या आड जाऊन बसलात. संध्याकाळी तुम्ही गेलात.

काल तोंडी परीक्षा झाली. तुमची पानं मी काढली नाहीत. तुमचं नावही पहिलं ठेवलं. परीक्षक एक वयस्क बाई होत्या, बाहेरून आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. माझ्या भागावर त्यांनी थोडंच विचारलं, सगळा वेळ तुमच्या पानांवर घालवला. मी सांगत गेले: बियाणं, जमीन, तापी, दोन काठ, चव. तुमची उदाहरणं, तुमचेच शब्द. मी इतकी चांगली तुमची बाजू मांडली, आप्पा, की मागे बसलेले देसले सर मान हलवायला लागले. मग त्या परीक्षक बाईंनी पान उलटलं आणि विचारलं, "देठ खुडणाऱ्या बायकांचं काम वाचलं पाहिजे असं इथे म्हटलंय. पण त्या कामाने त्यांच्या हातांचं काय होतं, त्याबद्दल एक ओळ नाही. असं का?"

आणि मी म्हणाले, "सर, आप्पांना विचारा."

सवयीने निघून गेलं. सरांनी मान खाली घातली. परीक्षक बाईंना काही कळलं नाही, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कोण आप्पा?" मी पाणी प्यायले. मग म्हटलं, मॅडम, हा भाग ज्यांनी लिहिला त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मी विचारायला हवा होता.

कारण मला त्याचं उत्तर माहीत होतं. वडील आजारी होते ती दोन वर्षं माझी आई हिवाळ्यात धानोऱ्याहून नंदुरबारला देठ खुडायला जायची. दिवसभर हात मिरचीत. रात्री तळव्यांची आग व्हायची म्हणून ती ताकात हात बुडवून बसायची. मला न्हाऊ घालायची नाही, वेणी घालायची नाही, ते सगळं काकूकडे. एकदा तिने माझे डोळे पुसले आणि मी किंचाळत घरभर पळाले, तेव्हापासून मी रडले की ती हात मागे बांधून दूर उभी राहायची. अजूनही ती मला जवळ घेताना आधी स्वतःचे तळवे बघते. शेती बदला, यंत्र आणा, हात मोकळे करा, असं मी दोन वर्षं वर्गात ओरडत होते ते कुठल्याही सिद्धांतामुळे नाही. पण ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. आकडे सरांमार्फत सांगता येतात, टोमणेसुद्धा सांगता येतात. "सर, आप्पांना सांगा, माझी आई मला जवळ घ्यायची नाही," हे कसं सांगणार? ते तुमच्यासमोर बसूनच सांगावं लागलं असतं. तुम्ही ऐकलं असतंत आणि बहुतेक तुमचं ते पान स्वतःच फाडलं असतंत. किंवा फाडलं नसतंत, आणखी एक प्रश्न विचारला असतात. मला माहीत नाही. मी तुम्हाला तेवढी ओळखत नाही, आणि ते मी ठरवून केलं.

पटलं का, असं तुम्ही विचारलंत. बियाण्याचं पटलं, आप्पा. नदीचं तर पहिल्याच दिवशी पटलं होतं, फक्त कबूल केलं नाही. त्या बायकांचं नाही पटलं. आजही नाही. तुम्ही असता तर हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, असं मी इथे लिहिणार होते. पण ते खोटं आहे. तुम्ही असता तर मी सरांनाच सांगितलं असतं.